हातातलं डाळिंब कोणाचं? ग्रीक देवींची चिन्हं वाचताना

प्रश्न थोडक्यात असा आहे : 'युरोपातल्या संग्रहालयांत ग्रीक देवींच्या मूर्ती मला सगळ्या सारख्याच दिसल्या. आपल्याकडे आयुधं आणि वाहन पाहिलं की देव ओळखता येतो. ग्रीक देवींची चिन्हं अशी ठरलेली आहेत का? घुबड म्हणजे अथीना, एवढं ठाऊक आहे. बाकीच्यांची यादी मिळेल का? आणि कोर्टातली डोळ्यांवर पट्टी बांधलेली न्यायदेवता ग्रीकच ना?'

आधी यादी देऊन टाकतो. अथीना : शिरस्त्राण, भाला, घुबड, ऑलिव्ह. हेरा : मुकुट, राजदंड, डाळिंब, मोर. आर्टेमिस : धनुष्य, भाता, हरीण. अफ्रोडाइटी : कबूतर, शिंपला, सफरचंद, आरसा. डिमीटर : धान्याची कणसं, मशाल. तिची मुलगी पर्सेफनी : डाळिंब, मशाल. हेकटी : मशाली, कुत्रा, किल्ली. हेस्टिया : चूल, आणि ती मूर्तींत फारशी सापडतच नाही. विजयाची देवी नायके : पंख आणि पानांचा मुकुट.

ही यादी घेऊन संग्रहालयात गेलात तर पहिल्या दालनात बरी चालेल, दुसऱ्यात अडेल. मी नाणी आणि मूर्तिशास्त्र शिकवतो, आणि दरवर्षी नवे विद्यार्थी याच यादीवर अडतात. आपली सवय शिल्पशास्त्राची आहे. विष्णूच्या चोवीस मूर्ती शंख, चक्र, गदा आणि पद्म कोणत्या हातात, एवढ्यावरून वेगळ्या ठरतात, आणि ते ग्रंथात लिहिलेलं असतं. ग्रीकांकडे असा ग्रंथ नव्हता. कोणत्या देवीच्या हातात काय द्यायचं हे त्या त्या गावाचं देऊळ, तिथला विधी आणि तिथली नाणी ठरवत. त्यामुळे एकच देवी दोन शहरांत दोन रूपांत दिसते आणि एकच वस्तू चार देवींच्या हातात. चिन्ह पाहिलं की 'हे कशाचं प्रतीक' असं विचारण्याआधी 'हे कुठलं' असं विचारायचं. इंटरनेटवरच्या याद्यांमध्ये नेमका हाच रकाना नसतो.

घुबडापासूनच बघू. घुबड म्हणजे शहाणपण, हे समीकरण आज सगळीकडे छापलेलं असतं. पण अथेन्सच्या माणसाला घुबड आधी भेटायचं ते पैशाच्या रूपात. इसवी सनपूर्व पाचव्या शतकातलं अथेन्सचं चार द्राख्मांचं नाणं हातात घेतलं तर ते आपल्या जुन्या रुपयापेक्षा आकाराने लहान पण चांगलंच जाड लागतं; वजन सुमारे १७ ग्रॅम, सगळी चांदी. एका बाजूला शिरस्त्राण घातलेली अथीना, शिरस्त्राणाच्या कडेवर ऑलिव्हची तीन पानं. दुसऱ्या बाजूला घुबड : अंग बाजूने दिसतं, पण मान वळवून दोन्ही डोळे सरळ आपल्यावर रोखलेले. त्याच्या मागे वरच्या कोपऱ्यात ऑलिव्हची डहाळी आणि बारीक चंद्रकोर, समोर शहराच्या नावाची तीन अक्षरं. इजिप्त आणि सीरियाकडे सापडलेल्या बऱ्याच नाण्यांवर छिन्नीचा खोल घाव दिसतो. आत तांबं नाही ना, हे तिथल्या व्यापाऱ्यांनी तपासून पाहिलेलं असतं.

ही चांदी अथेन्सजवळच्या लॉरियनच्या खाणींतली. नाण्याला लोक सरळ 'घुबडं' म्हणत. ग्रीक चरित्रकार प्लूटार्कने एक किस्सा नोंदवला आहे. स्पार्टाचा सेनापती गायलिपस याच्याकडे युद्धातली लूट घरी पोचवायचं काम दिलं होतं. त्याने थैल्यांतून पैसे काढून घेतले आणि घराच्या कौलांखाली लपवले. त्याच्या नोकराने अधिकाऱ्यांना एवढंच सांगितलं, की कौलांखाली पुष्कळ घुबडं झोपली आहेत. ऐकणाऱ्यांना कळायचं ते कळलं. आज ग्रीसच्या एक युरोच्या नाण्यावर हेच घुबड आहे.

ते अथीनाचं वाहन मात्र नव्हे. ती त्याच्यावर बसत नाही. फार तर ते तिच्या हातावर बसतं. पक्षी म्हणून तो लहानसा, अथेन्समध्ये सर्रास दिसणारा, आणि आपल्याला अनोळखी नाही. त्याचं शास्त्रीय नाव 'अथीनी नॉक्टुआ', आणि आपल्या गावातल्या आंब्याच्या ढोलीत राहणारा पिंगळा हा त्याच कुळातला, 'अथीनी ब्रामा'. नामशेष झाला असं मानला गेलेला आणि १९९७ साली शहाद्याजवळ पुन्हा सापडलेला रानपिंगळाही आता याच कुळात धरतात. म्हणजे अथीनाचं घुबड कसं दिसायचं हे पाहायला ग्रीसला जायची गरज नाही. आपल्याकडे घुबडाला अशुभ म्हणतात, बंगालात तेच लक्ष्मीचं वाहन असतं, आणि पहाटे दारात येऊन भविष्य सांगणाऱ्याला आपण पिंगळाच म्हणतो. एका पक्ष्याचे अर्थ गावागणिक बदलतात, हे आपल्याला वेगळं शिकवावं लागू नये.

मूर्तीत अथीना ओळखायची असेल तर घुबड शोधू नका. छातीकडे बघा. खांद्यावरून छातीवर आलेलं कातडं, त्याच्या कडेला वळवळणारे साप आणि मधोमध केसांच्या जागी साप असलेल्या मेडुसा राक्षसीचं डोकं : ही तिची 'एजिस'. डोकं तुटलं, हात तुटले, भाला गेला, तरी एजिस धडाबरोबर शिल्लक राहते. ती दिसली की निःशंकपणे अथीना म्हणायला हरकत नाही. इतकी भरवशाची खूण दुसऱ्या कोणत्याच ग्रीक देवीपाशी नाही.

अथेन्सच्या पार्थेनॉन या देवळातली, फिडियास या शिल्पकाराने घडवलेली अथीना, इसवी सनपूर्व ४३८ मध्ये प्रतिष्ठापना झालेली, आज उरलेली नाही. तिची सुमारे एक मीटर उंचीची रोमन काळातली संगमरवरी नक्कल १८८० साली अथेन्समध्ये सापडली आणि तिथल्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात आहे. तिच्यात चिन्हांची गर्दीच आहे : शिरस्त्राणावर स्फिंक्स, उजव्या तळहातावर नायके, डावा हात ढालीवर आणि ढालीच्या आत वेटोळं घातलेला साप. हा साप पाहून आपला माणूस पटकन शेषाकडे वळतो. पण तो अक्रोपोलिस या अथेन्सच्या टेकडीवरच्या एरिक्थोनियस या भूमिपुत्र राजाचा, म्हणजे पुन्हा गावाचाच. मूळ मूर्ती हस्तिदंत आणि सोन्याची होती. अथेन्सचा नेता पेरिक्लीस याने स्पार्टाशी युद्धाच्या तोंडावर अथेन्सच्या लोकांना हिशेब दिला, त्यात तिच्या अंगावरचं ४० टॅलेंट सोनं धरलं होतं. म्हणजे टनभर सोनं, काढून घेता येईल असं बसवलेलं. वापरलं तर तेवढंच परत करायचं, या अटीवर. देवीचे दागिने हा गावाचा राखीव निधी, ही कल्पना आपल्याला अगदीच परकी नाही.

ऑलिव्हचंही तसंच. अक्रोपोलिसवर समुद्रदेव पोसायडनने त्रिशूळ मारून खारं पाणी काढलं, अथीनाने ऑलिव्ह रुजवला आणि शहर तिला मिळालं, ही कथा. पण इसवी सनपूर्व ४८० मध्ये इराण्यांनी अक्रोपोलिस जाळलं तेव्हा ते झाडही जळलं, आणि दुसऱ्याच दिवशी बुंध्याला हातभर कोंब फुटला, असं ग्रीक इतिहासकार हेरोडोटस सांगतो. त्यानंतरच्या अथेन्सच्या नाण्यांवर अथीनाच्या शिरस्त्राणाला ऑलिव्हची पानं येतात. 'ऑलिव्ह म्हणजे शांतता' ही ओळ या नाण्यापुढे फिकी पडते.

आता हेराचा मोर. मोर भारतातला. तो इराणमार्गे ग्रीसला पोचला आणि सामोस बेटावरच्या हेराच्या देवळात पाळला जाऊ लागला. तिथल्या नाण्यांवरही आला. पेरिक्लीसच्या काळात पायरिलांपीस नावाच्या श्रीमंताकडे अथेन्समध्ये मोर होते आणि ते बघायला परगावाहून माणसं येत. होमरच्या काव्यात हेरा पानोपानी आहे, पण तिथे मोर नाही. म्हणून फार जुन्या मूर्तीत किंवा भांड्यावर मोर नाही म्हणून ती हेरा नाही, असा निष्कर्ष काढू नका. शंभर डोळ्यांच्या आर्गसचे डोळे तिने मोराच्या पिसाऱ्यावर लावले, ही सगळ्यांना आवडणारी गोष्ट आपल्याला मुख्यतः रोमन कवी ओव्हिडमुळे ठाऊक आहे. आर्गोसजवळच्या हेराच्या देवळात पॉलिक्लायटसने घडवलेल्या मूर्तीच्या एका हातात डाळिंब होतं आणि दुसऱ्या हातात राजदंड, त्यावर कोकीळ. तिचा नवरा, देवांचा राजा झ्यूस तिच्याकडे आधी कोकिळेच्या रूपात आला, म्हणून. ती मूर्ती पाहिलेला प्रवासी पॉसानियस म्हणतो की डाळिंबाची कथा गुप्त आहे, सांगणार नाही. आणि खरंच सांगितलेली नाही. त्याच देवळात सम्राट हेड्रियनने सोन्याचा रत्नजडित मोर वाहिला होता, हे मात्र तो आवर्जून सांगतो. आपल्याकडे पाटीपूजनाच्या चित्रात सरस्वतीजवळ मोर असतो, म्हणून 'हेरा म्हणजे ग्रीक सरस्वती' असं कोणी लिहिलेलं दिसलं तर तिथेच थांबा.

डाळिंब हे तर हमखास फसवणारं चिन्ह. हेराच्या हातात ते आहेच. पर्सेफनीने पाताळात डाळिंबाचे दाणे खाल्ले म्हणून तिला वर्षाचा काही भाग तिथे राहावं लागतं, म्हणून तिच्याही हातात. दाणे किती? जुन्या होमरी स्तोत्रात एक, ओव्हिडच्या काव्यात सात. सहा महिन्यांसाठी सहा दाणे हे सोपं गणित अलीकडच्या गोष्टींच्या पुस्तकांतलं. आणि बर्लिनच्या संग्रहालयातली एक उभी मूर्ती बघा, सुमारे इसवी सनपूर्व ५७० मधली. पुरुषभर उंच, डोक्यावर नक्षीचा उंच टोप, एका हातात डाळिंब. शिशाच्या पत्र्यात गुंडाळून पुरलेली सापडली, त्यामुळे वस्त्रावरचा लाल रंग अजून दिसतो. हातात डाळिंब, चेहऱ्यावर ते ठेवणीतलं स्मित. तिला 'बर्लिनची देवी' असं नाव पडलं. आज बहुतेक अभ्यासक तिला देवी मानत नाहीत. ती बहुधा एका तरुण मुलीच्या थडग्यावरची मूर्ती आहे. हातात डाळिंब असलं की ती देवीच, असं नसतं. डाळिंब थडग्यावर ठेवत आणि देवीलाही वाहत.

आर्टेमिसचं सोपं रूप म्हणजे गुडघ्यापर्यंत खोचलेलं वस्त्र, पाठीला भाता, शेजारी हरीण. चंद्रकोर तिच्या कपाळावर नंतर आली. मुळात चंद्राची देवी सेलिनी वेगळी. अथेन्सजवळच्या ब्राउरॉनला आर्टेमिससाठी लहान मुली 'अस्वल' होऊन नाचत, केशरी वस्त्रं घालून. तिथे तिचं चिन्ह अस्वल, आणि यादीत ते कधीच नसतं. एफेससला गेलात, आजच्या तुर्कस्तानात, तर यादी पारच कोलमडते. तिथली आर्टेमिस शिकारी पोरगी नाही. पाय एकमेकांना जुळलेले, अंगाभोवती घट्ट वेष्टन, डोक्यावर उंच मुकुट, वेष्टनावर चौकटींत बैल, सिंह, ग्रिफिन आणि मधमाश्या. छातीवर अंड्यांसारख्या गोलाकारांच्या ओळी लोंबतात. १९५६ साली तिथल्या उत्खननात तिच्या दोन देखण्या रोमनकालीन मूर्ती मिळाल्या. त्या सेल्चुकच्या संग्रहालयात आहेत.

ते गोलाकार म्हणजे काय, यावर वाद चालूच आहे. सुरुवातीच्या ख्रिस्ती लेखकांनी त्यांना स्तन म्हटलं आणि 'अनेक स्तनांची देवी' हे नाव चिकटलं. जवळून पाहिलं तर त्यांना स्तनाग्रं नाहीत, आणि चेहऱ्याच्या कातडीचा रंग जिथे वेगळा दाखवला आहे तिथेही हे गोलाकार वस्त्राच्या रंगाचे असतात. म्हणजे ते अंग नाही, अंगावर चढवलेलं काहीतरी आहे. बळी दिलेल्या बैलांचे वृषण असाही एक तर्क आहे. देवळाच्या सर्वांत जुन्या थरात अंबरचे, म्हणजे दगड झालेल्या राळेचे, थेंबाच्या आकाराचे मणी मिळाले, तेव्हापासून 'मूळ लाकडी मूर्तीवरचा दागिना' हा तर्क मला जास्त पटतो. एफेससच्या नाण्यांवर मात्र काही गोंधळ नाही : एका बाजूला मधमाशी, दुसऱ्या बाजूला हरीण.

अफ्रोडाइटीबद्दल फार लिहीत नाही, कारण तिला ओळखायला चिन्ह क्वचितच लागतं. इसवी सनपूर्व चौथ्या शतकात प्रॅक्सिटेलीस या शिल्पकाराने क्निडॉस शहरासाठी तिची नग्न मूर्ती केली, शेजारी पाण्याचा घडा आणि त्यावर टाकलेलं वस्त्र; नंतरच्या शेकडो मूर्ती त्याच साच्यातल्या. एक अपवाद सांगतो. सायप्रसमधल्या पाफोस या तिच्या सगळ्यात मोठ्या क्षेत्रात तिची मूर्तीच नव्हती. शंकूच्या आकाराचा एक दगड होता, आणि रोमन काळातल्या नाण्यांवर देवळाच्या गाभाऱ्यात तोच दाखवला आहे. शेंदूर लावलेला तांदळा पाहात वाढलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. युरोपीय प्रवाशांना मात्र त्याचं फार आश्चर्य वाटायचं.

मशाल कोणाची, हा नेहमीचा पेच. डिमीटर मुलीला शोधत मशाली घेऊन फिरली, म्हणून तिची. पर्सेफनीची. हेकटीची. कधी आर्टेमिसचीही. अशा वेळी जोडीदार वस्तू बघायची. मशालीबरोबर कणसं असतील तर डिमीटर, भाता असेल तर आर्टेमिस, एकाच खांबाला पाठ लावून तीन बाया उभ्या असतील तर हेकटी. डिमीटरजवळ डुक्कर दिसलं तर दचकू नका. एल्युसिस या अथेन्सजवळच्या तिच्या क्षेत्री दीक्षाविधीत डुकराचं पिल्लू बळी देत, आणि एल्युसिसच्या नाण्यावरही डुक्कर आहे. उलट, मुंबईत सीएसएमटीच्या घुमटावरची बाई बघा. उंचावलेल्या हातात मशाल, दुसऱ्या हातात आऱ्यांचं चाक. ती यांपैकी कोणीच नाही. ती 'प्रगती', व्हिक्टोरियन काळात ग्रीक-रोमन सामग्री वापरून जुळवलेली.

प्रत्यक्ष संग्रहालयात आणखी एक काळजी घ्या. हातातली वस्तू पाहण्याआधी तो हात मूळचा आहे का, ते बघा. सतराव्या-अठराव्या शतकात रोममध्ये तुटक्या मूर्ती 'पूर्ण' करून श्रीमंतांना विकण्याचा मोठा धंदा होता. बार्तोलोमेओ कावाचेप्पी हा त्यातला नावाजलेला कारागीर. बिनहाताच्या बाईला नवा हात लावला, त्यात कणसं दिली, झाली डिमीटर. कोपराजवळ किंवा मनगटाजवळ सरळ रेघेसारखा सांधा, दोन्हीकडच्या संगमरवराच्या रंगात फरक, आणि एकीकडे झीज तर दुसरीकडे गुळगुळीत पृष्ठभाग दिसला, की त्या वस्तूला पुरावा मानू नका. मूर्तीखालच्या पाटीवर बारीक अक्षरात कोणता भाग नंतरचा हे बहुधा लिहिलेलं असतं. नवशिक्याने सुरुवात मूर्तींऐवजी नाण्यांपासून आणि रंगवलेल्या भांड्यांपासून करावी, असं माझं मत. नाण्यावर शहराचं नाव असतं, आणि अनेक भांड्यांवर चित्रकाराने देवांची नावंच लिहून ठेवलेली असतात.

नाण्यांचा आणखी एक फायदा : चिन्हाचा प्रवास डोळ्यांसमोर दिसतो. आपण ज्याला मिलिंद म्हणतो त्या मिनँडर राजाच्या चांदीच्या नाण्यावर अथीना आहे, ढाल पुढे करून वज्र फेकणारी. वज्र खरं तर तिच्या बापाचं, झ्यूसचं. पण मॅसिडोनियातल्या पेल्ला शहराची अथीना अशीच होती, आणि तीच गांधारापर्यंत आली. भोवती खरोष्ठी लिपीत 'महरजस त्रतरस मेनंद्रस'. दुसरं उदाहरण याहून बोलकं. ग्रीक भाग्यदेवता टायकीच्या हातात फळाफुलांनी भरलेलं शिंग असायचं. तसंच शिंग कुषाणांच्या अर्दोक्षो या देवीच्या हातात आलं. समुद्रगुप्ताच्या सोन्याच्या नाण्यावर सिंहासनावर बसलेल्या देवीच्या हातात तेच शिंग आहे. दुसऱ्या चंद्रगुप्ताच्या काळात शिंग जाऊन तिथे कमळ येतं, आणि आपण तिला लक्ष्मी म्हणतो. नाणी ओळीने मांडली की हा बदल पाहायला भिंग लागत नाही.

राहिला न्यायदेवतेचा प्रश्न. न्यायाची ग्रीक देवी थेमिस हिची एक मोठी मूर्ती अथेन्सच्या संग्रहालयात आहे, सुमारे इसवी सनपूर्व ३०० ची, ऱ्हाम्नूस गावातून आलेली. हात तुटले आहेत, डोळे उघडे आहेत. रोमन नाण्यांवरची समन्यायाची देवी, एका हातात तराजू आणि दुसऱ्या हातात भरलेलं शिंग, तिच्याही डोळ्यांवर पट्टी नाही. पट्टी दिसते ती १४९४ साली बाझेलला छापलेल्या एका उपहासाच्या पुस्तकातल्या चित्रात. तिथे एक विदूषक मागून येऊन देवीचे डोळे बांधतो आहे. म्हणजे पट्टी ही कोर्टाची टिंगल होती. पुढच्या काही दशकांत युरोपनेच तिला 'निःपक्षपातीपणा' असा चांगला अर्थ दिला. त्यामुळे २०२४ साली आपल्या सर्वोच्च न्यायालयात पट्टी नसलेली, साडी नेसलेली आणि तलवारीच्या जागी संविधान घेतलेली मूर्ती बसवली तेव्हा 'ग्रीक परंपरा सोडली' असं जे लिहिलं गेलं, ते बरोबर नव्हतं. तिच्यात जुनं ग्रीक म्हणावं असं उरतं ते तराजू, आणि होमरच्या काव्यात माणसांचं मरण तोलणारा तो तराजू कुठल्या देवीपाशी नाही, झ्यूसच्या हातात आहे.